पांढऱ्या कागदावरचे पतंग

सापळ्याखालची पिशवी सोडली की आधी वास येतो. मेलेल्या पतंगांचा, कुबट, मातकट. पिशवी पांढऱ्या कागदावर हळूच झटकायची. राखाडी-तपकिरी रंगाचे, तांदळाच्या दाण्याहून जरासे मोठे पतंग खाली पडतात. काही अजून फडफडत असतात. त्यांच्यासोबत एखादी मुंगी येते, एखादा भुंगा येतो, सुकलेल्या पानाचा तुकडा येतो. कागद सावलीत सपाट ठेवायचा, फोन बरोबर त्याच्यावर धरायचा आणि फोटो काढायचा. थोड्याच वेळात पडद्यावर एकेका पतंगाभोवती चौकोन उमटतात आणि खाली आकडा येतो. पाच. अकरा. दोन. मुंगीभोवती चौकोन येत नाही, पानाभोवतीही नाही.

पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत हे काम मी करते. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी आणि केळापूर तालुक्यांच्या शिवेवरची सात गावं माझ्याकडे आहेत. कृषी पदविका झाल्यावर कापूस उत्पादकांसोबत काम करणाऱ्या एका संस्थेत लागले, तेव्हापासून सकाळी पांदणीतला चिखल तुडवत वावरं गाठायची आणि सापळे पाहायचे, हा हंगामातला दिनक्रम आहे. टिपेश्वरचं वाघांचं जंगल जवळ असल्याने फार लवकर निघता येत नाही. ऊन वर आल्यावर, कोणाची तरी सोबत घेऊन जायचं.

फोनमधलं हे ॲप पहिल्यांदा आलं तेव्हा आम्हाला दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं. शिकवायला आलेल्या मुलाने एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. या कृत्रिम बुद्धिमत्तेला एकच काम येतं. फोटोत गुलाबी बोंडअळीचे पतंग किती आणि अमेरिकन बोंडअळीचे किती, एवढं ती सांगते. बाकी काही विचारलं तर तिला समजत नाही. हजारो फोटो जमवून, त्यातल्या प्रत्येक पतंगाभोवती माणसांनी हाताने खूण करून, हा पतंग, हा नाही, असं तिला शिकवलेलं असतं. त्या वेळी मला हे थोडं कमी वाटलं होतं. एवढ्या मोठ्या नावाची गोष्ट, आणि काम मोजणीचं.

पण कापसात मोजणीला किती किंमत आहे, हे आमच्या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको. बीटी कापसाला 2002 साली परवानगी मिळाली, दोन जनुकांचं बियाणं 2006 साली आलं आणि काही वर्षं बोंडअळीचं नावच निघेना. मग गुलाबी अळी त्या बियाण्याला पचवायला शिकली. 2014-15च्या सुमारास ती गुजरातमध्ये दिसली आणि 2017 साली विदर्भात तिने वावरंच्या वावरं पोखरली. तिचा घात असा की ती बाहेरून दिसत नाही. मादी फुलावर, बोंडावर अंडी घालते, अळी बारीक छिद्र पाडून आत शिरते आणि बोंड वाढताना ते छिद्र बुजतं. वरून बोंड हिरवंगार, टणक असतं आणि आत अळी सरकी खात बसलेली असते. एकदा ती आत गेली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून पतंग मोजायचे. पतंग वाढले म्हणजे अंडी येणार, अंडी आली म्हणजे अळी येणार. कामगंध सापळ्यात मादीच्या वासाची गोळी, ल्युर, लावलेली असते. त्या वासावर नर येतो आणि अडकतो. निगराणीसाठी एकरी दोन सापळे. सलग तीन दिवस दर सापळ्यात 8 ते 10 पतंग आले, किंवा वीस बोंडं फोडल्यावर दोनांत अळी निघाली, तर फवारणीची वेळ आली असं कृषी विद्यापीठं सांगतात. त्याच्या आधी मारलेलं औषध वाया जातं.

मोजणी यंत्राने आणली असंही नाही. राज्यात 2009-10 पासून क्रॉपसॅप हा कीड सर्वेक्षणाचा प्रकल्प चालू आहे. ठरावीक शेतांत जाऊन किडी मोजणारी माणसं त्यात काम करत आली आहेत. पण गाव मोठं, वावरं शेकडो आणि मोजणारा एक. फोन आल्यामुळे मोजणी शेतकऱ्याच्या स्वतःच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आली, हा त्यातला खरा फरक. मुंबईत 2018 साली सुरू झालेल्या वाधवानी कृत्रिम बुद्धिमत्ता संस्थेने बोंडअळीसाठी असं साधन तयार केलं आणि 2019 साली गूगलने त्या कामाला 20 लाख डॉलरचं अनुदान दिलं. रेंज नसलेल्या वावरातही ते साध्या फोनवर चालावं, याचा विचार त्यात केला गेला. आमच्याकडे रेंज धुऱ्यावरच्या एखाद्या बाभळीखालीच मिळते, त्यामुळे या गोष्टीचं मोल मला कळतं.

मला मात्र आकड्याचं मोल वेगळ्या कारणाने कळलं.

माझे बाबा मजुरीने फवारणी करायचे. पंपामागे पैसे ठरलेले असायचे, म्हणजे दिवसभरात जितके पंप रिकामे होतील तितकी रोजी. 2017च्या पावसाळ्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याबरोबर वाढली होती. औषध खाली पानांवर मारायचं ते डोक्याच्या उंचीवर मारावं लागत होतं आणि अर्धं वाऱ्याने अंगावरच येत होतं. रसशोषक किडी, बोंडअळी, सगळ्यांसाठी एकामागून एक फवारण्या चालल्या होत्या. दोन-तीन औषधं एकत्र कालवून मारत होते. दुकानातून जे दिलं ते आणायचं, शेजाऱ्याने मारलं म्हणून आपणही मारायचं. दमट हवा, उघडे पाय, तोंडाला फार तर दुपट्टा. त्या हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात दाखल झाले. बाबा त्या शेकड्यांत होते. दुपारी घरी आले, डोळे चोळत होते. म्हणाले, दिसायलं नाही नीट. मग उलट्या सुरू झाल्या. चार दिवस सलाईनवर होते. शेजारच्या खाटेवरचा माणूस दुसऱ्या दिवशी तिथे नव्हता आणि आई माझ्याकडे न पाहता त्या रिकाम्या खाटेवरची चादर नीट करत बसली होती.

बाबा घरी आले. डोळ्यांची जळजळ अजून गेलेली नाही. पंप त्यांनी पुन्हा पाठीवर घेतला नाही.

म्हणून फोनच्या पडद्यावर जेव्हा ‘सध्या फवारणीची गरज नाही’ असं येतं, तेव्हा मला ते वाक्य कृषी सल्ल्यासारखं वाटत नाही. एक फेरी टळली, एका माणसाच्या अंगावर आज औषध उडणार नाही, असं मी ते वाचते.

एक प्रसंग सांगते. ऑगस्टचा शेवट होता. सहा एकरवाले एक काकाजी, त्यांच्या शेजारच्या वावरात फवारणी झाली होती. काकाजींनी कृषी केंद्रातून उधारीवर बाटली आणून ठेवली होती आणि दुसऱ्या दिवशी फवारणीला माणूस सांगितला होता. मी सापळे पाहिले. तीन दिवसांचे आकडे दोन, तीन, एक. तासात, म्हणजे पऱ्हाटीच्या ओळींमधून, चालत वीस बोंडं तोडून फोडली, एकातही अळी नाही.

“काय म्हणते वं पोरी तुया फोन?”

“नोको म्हणते काकाजी.”

ते बराच वेळ पऱ्हाटीकडे पाहत राहिले. शेजाऱ्याने मारलं आणि आपण मारलं नाही, तर उद्या काय होईल ही भीती फार मोठी असते. त्या भीतीवरच कितीतरी बाटल्या विकल्या जातात. मी ओरडून सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं, कारण मी कालची पोर. पण कागदावरचे दोन पतंग त्यांनी स्वतः पाहिले होते आणि फोनवरचे दोन चौकोनही. म्हणाले, “ठीक हाय. चार दिवस थांबू.” बाटली फळीवर गेली. पुढे महिनाभर ती खाली उतरली नाही.

संध्याकाळी फवारणीला सांगितलेला माणूस मला रस्त्यात भेटला. म्हणाला, “ताई, तुमच्या फोननं माही रोजी गेली.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तरी मला उत्तर सुचलं नाही. ॲपमध्ये शेतकऱ्याचं नाव आहे, वावराचं क्षेत्र आहे, सापळा क्रमांक आहे. ज्याच्या पाठीवर पंप चढतो त्याची नोंद कुठेच नाही. त्याचा जीव वाचला तरी दिसत नाही आणि त्याची रोजी बुडाली तरी दिसत नाही. घरी येऊन बाबांना हे सांगितलं. बाबा म्हणाले, “काकाजीले सांग, डवऱ्यावर लावा म्हना त्याले.” मी दुसऱ्या दिवशी तसं सांगितलं आणि काकाजींनी त्याला तीन दिवस डवरणीला, म्हणजे कोळपणीला, लावलं. फोनने असं सुचवलं नसतं, आणि सुचवावं अशी माझी अपेक्षाही नाही. पण फवारणी कमी करण्याचे कार्यक्रम आखणाऱ्यांनी या माणसाचा विचार केला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले, ती सांगते. माझ्या सातांपैकी एका गावात एक बाई तीन एकर एकटीने करतात. नवरा गेल्यावर शेती सोडली नाही. माझ्यावर त्यांचा फार विश्वास. मी पोचायच्या आत सापळ्याजवळ कागद घेऊन उभ्या असत. एका वर्षी सप्टेंबरच्या मध्यात त्यांच्या सापळ्यात नऊ पतंग आले होते. निंबोळी अर्क मारला, पुढच्या खेपेला चार आले, मग दोन, मग एक. आकडा उतरत होता आणि मला बरं वाटत होतं. प्रत्येक वेळी फोन म्हणत होता, गरज नाही. बोंडं फोडून पाहायची असतात हे मला माहीत होतं. पण त्या दोन आठवड्यांत माझ्यावर अहवाल चढले होते, चाळीसेक सापळ्यांचे फोटो पूर्ण करायचे होते. आकडा एक दाखवत असताना बोंडं कशाला फोडायची, असं मी मनाशी म्हटलं.

दसऱ्याला पहिला वेचा चांगला निघाला. दुसऱ्या वेच्याला त्यांचा निरोप आला. मी गेले तेव्हा त्या तासात उभ्या होत्या, कमरेला ओटी बांधलेली. ओटीतून त्यांनी मूठभर कापूस काढून माझ्या हातावर ठेवला. पिवळट, चिकटलेला, पाकळ्या नीट न उघडलेला. आमच्याकडे त्याला कवडी म्हणतात. एक अर्धवट उघडलेलं बोंड फोडलं तर सरकीत गुलाबी अळी.

“ताई, तुमी तं म्हनल्या होत्या, अळी नाई.”

मी सापळ्याकडे गेले. झाकण उघडून ल्युर बाहेर काढलं. ते ऑगस्टमध्ये लावलेलं होतं. तीन-चार आठवड्यांनी ते बदलायचं असतं, नवी पाकिटं वेळेवर आली नव्हती आणि मी विसरले होते. नाकाशी धरून काही कळत नाही, तो वास माणसाला येत नाही, पतंगालाच येतो. त्याच्या दृष्टीने आता तो रबराचा तुकडा होता. त्याच संध्याकाळी शेजारच्या वावरवाल्याकडून ताज्या ल्युरचं एक सुटं पाकीट मागून आणलं आणि बाईंच्या सापळ्यात लावलं. सकाळी पिशवीत चौदा पतंग होते.

फोन चुकला नव्हता. कागदावर एक पतंग होता आणि त्याने एक मोजला होता. त्याची नजर कागदाच्या चार कडांच्या बाहेर जात नाही. सापळ्यात वास उरला आहे का, काल रात्री पाऊस होता का, पिशवी फाटली आहे का, मुंग्यांनी पतंग नेले का, हे त्याला कधीच शिकवलेलं नव्हतं. ते पाहायला मला पाठवलं होतं. मी माझं पाहणंही त्याच्यावर सोपवून मोकळी झाले होते. उतरणारा आकडा मला आवडला म्हणून मी त्याला काही विचारलं नाही. माणसाने तोंडी सांगितलं असतं, ‘एकच पतंग होता’, तर मी नक्की विचारलं असतं, ‘ल्युर कधीचं आहे?’

त्या वर्षी बाईंना कवडी वेगळी काढावी लागली, वेचणीची मजुरी तितकीच द्यावी लागली आणि व्यापाऱ्याने भाव पाडून मागितला. मी त्यांच्या ओट्यावर बसून जे घडलं ते सगळं सांगितलं, माझ्या विसरण्यासकट. त्या रागावल्या नाहीत. चहा दिला. पुढच्या हंगामात मी कागद पसरायला लागले तर म्हणाल्या, “थांबा ताई. पयले बोंड फोडू, मंग फोटो काढू.” आता त्यांच्या वावरात हाच क्रम आहे आणि मी तो बाकीच्या गावांतही लावला आहे.

अशी एकाच कामाची यंत्रं आता आमच्या आजूबाजूला पुष्कळ झाली आहेत. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबालगत गावाच्या हद्दीवर बसवलेले कॅमेरे वाघ ओळखतात आणि सूचना देतात. किसान योजनेच्या पडताळणीसाठी फोन चेहरा ओळखतो. माझे अहवाल मी बोलून लिहिते, फोन ऐकून टंकतो. त्यात एक अडचण आहे. ‘पऱ्हाटी’ म्हटलं की तो ‘परत ती’ लिहितो. कारण उघड आहे, त्याला शिकवताना आमच्याकडचं बोलणं फारसं कोणी ऐकवलेलं नाही. एकदा गावाच्या गटावर टाकायला मी बोलले, ‘उद्या फवारणी करू नका.’ पडद्यावर आलं, ‘उद्या फवारणी करू.’ शेवटचा शब्द वाऱ्यात गेला होता. पाठवायच्या आधी वाचलं म्हणून कळलं. तेव्हापासून न वाचता एक अक्षरही पाठवत नाही. आमच्या वऱ्हाडी बोलीचं ध्वनिमुद्रण अशा यंत्रांसाठी व्हायला हवं, ते विद्यापीठांनी मनावर घेतलं तर होण्यासारखं काम आहे.

2025 साली राज्याच्या कृषी विभागाने महाविस्तार हे ॲप आणलं. त्यात मराठीतून प्रश्न विचारता येतात. त्याच वर्षी 2025 ते 2029 साठी महाॲग्री-एआय धोरणही मंजूर झालं. गावातली तरुण मुलं फोनला काहीही विचारतात आणि फोन उत्तर देतो. ही सोय चांगली आहे, मीही वापरते. पण मला भरवसा वाटतो तो एकच काम येणाऱ्या यंत्राचा. कारण त्याची हद्द कुठे संपते हे मला ठाऊक आहे. कागदाच्या कडेपर्यंत त्याचं, कडेच्या बाहेरचं माझं. जे यंत्र सगळ्याचं उत्तर देतं, त्याच्या उत्तरात त्याला न दिसलेलं काय आहे, हे ओळखणं शेतकऱ्याला फार अवघड जातं.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने आता कॅमेरा बसवलेला सापळा तयार केला आहे. तो सापळ्यातच पतंगांचे फोटो घेतो, मोजतो आणि आकडा फोनवर पाठवतो. पांदणीतला चिखल तुडवायची गरज त्यामुळे संपेल. वाघाच्या भागात ही मोठी गोष्ट आहे आणि त्याचं मी स्वागतच करते. तरी एक विनंती त्या लोकांपर्यंत पोचावी असं वाटतं. सापळ्याकडे जाताना मी तासातून चालते. चालताना डोमकळी दिसते, म्हणजे अळीने आतून शिवल्यासारखं मिटलेलं फूल. फुलं कधी गळताहेत ते दिसतं. धुऱ्यावर औषधाच्या रिकाम्या बाटल्या दिसल्या की कोणी काय मारलं हे कळतं. हे चालणं बंद झालं तर आकडा रोज येईल आणि वावर कोणी पाहणार नाही. कॅमेऱ्याच्या सापळ्यासोबत आठवड्यातून एक फेरी माणसाची ठेवा आणि त्या फेरीचे पैसे त्या माणसाला द्या.

आणि जे शेतकरी हे वाचत असतील त्यांना एवढंच सांगते. ल्युर लावाल त्या दिवशी सापळ्याच्या झाकणावर मार्करने तारीख लिहा. पंचवीस दिवस झाले की, आकडा कितीही चांगला येत असला तरी, ल्युर बदला. फोटो काढायच्या आधी वीस बोंडं तोडून फोडा. डिसेंबरनंतर फरदड, म्हणजे वेचणीनंतरही राखलेली पऱ्हाटी, ठेवू नका. आणि फवारणी करावीच लागली, तर पंप उचलणाऱ्याला हातमोजे, चष्मा आणि मास्क दिल्याशिवाय वावरात पाठवू नका.